सांडपाण्याच्या बाजूने : न्हाणी, मोरी आणि बाथरूम

वापरून झालेल्या पाण्याला मराठीत 'सांडपाणी' म्हणतात. 'सांडणे' म्हणजे टाकणे, सोडून देणे. जुन्या मराठीत माणसे अभिमान सांडतात, लाज सांडतात, संसार सांडतात. ज्याच्याशी नाते होते ते नाते तोडणे, असा या क्रियापदाचा भाव आहे. तेव्हा सांडपाणी म्हणजे नाते तोडलेले पाणी. अंगावरून ओघळेपर्यंत ते आपले असते. पायाखालच्या फरशीवरून भोकाकडे वळले की परके होते, आणि परक्याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, आपल्याकडे स्वच्छतेचा इतिहास नेहमी अंगाच्या बाजूने लिहिला गेला. अंगाला काय लावावे, केव्हा लावावे, कोणाच्या हातचे लावावे, याविषयी ग्रंथ आहेत, विधी आहेत, जाहिराती आहेत. अंगावरून उतरलेले पाणी पुढे कुठे गेले, याविषयी फारसे कोणी लिहिले नाही. आज साबण, शाम्पू, दंतमंजन, अत्तरे आणि मलमे यांतली रसायने नद्यांत आणि खाड्यांत सापडू लागल्यावर ही उणीव नुसती वाङ्मयीन राहिलेली नाही. म्हणून तोच इतिहास इथे पाण्याच्या बाजूने मांडून पाहावा असे आम्हाला वाटते. त्यासाठी मराठीतले तीनच शब्द पुरेसे आहेत : न्हाणी, मोरी आणि बाथरूम.

एखाद्या जागी उभे राहिल्याशिवाय असा इतिहास नीट दिसत नाही. आम्ही त्यासाठी पनवेल तालुक्यातला बेलपाडा निवडला आहे. खारघरच्या डोंगराच्या पायथ्याकडचे हे गाव आज खारघर वसाहतीच्या इमारतींनी वेढलेले आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या नवी मुंबई मेट्रोच्या पहिल्या मार्गावर बेलापूरहून निघाले की तिसरे स्थानक बेलपाड्याचे. अकरा किलोमीटरच्या या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला पेंधर आहे आणि त्याच बाजूला तळोज्याची औद्योगिक वसाहत. एकीकडे डोंगर, एकीकडे कारखाने, खाली खाडी आणि मध्ये हजारो न्हाणीघरे असा हा प्रदेश आहे. न्हाणी, मोरी आणि बाथरूम या तिन्ही शब्दांचे काळ इथे एकमेकांना खेटून उभे आहेत.

न्हाणी

कोकणपट्टीतल्या जुन्या घराची न्हाणी घराच्या मागच्या अंगाला असे. चार दगड, एक आडोसा, पाणी तापवायला चूल आणि हंडा. बाहेर पडणाऱ्या पाण्याला पाट काढून दिलेला असे आणि त्या पाटावर केळीचे बन किंवा अळूचा वाफा. ही रचना कोणा शास्त्रज्ञाने सुचवलेली नव्हती. विहिरीतून रहाटाने किंवा कळशीने वर काढलेले पाणी एकदाच वापरून टाकणे कोणालाच परवडत नव्हते, इतके साधे कारण त्यामागे होते. पण त्या रचनेत एक गोष्ट आपोआप साधली जाई. अंगाला जे लावले ते केळीला पोचे, आणि केळ घरच्यांच्या डोळ्यांसमोर असे. पाणी सांडले तरी नजरेआड होत नसे.

अंगाला लावण्याच्या वस्तूंची यादी मात्र कधीच लहान नव्हती. 'अष्टांगहृदया'च्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. दंतधावन, अंजन, अभ्यंग, उद्वर्तन आणि स्नान असा दिवसाचा क्रमच त्यात घालून दिला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' राजाच्या उपभोगांत स्नानाला स्वतंत्र जागा देतो. 'लीळाचरित्रा'त चक्रधरांच्या मर्दना-मादनेचे, म्हणजे अंग मर्दून स्नान घालण्याचे, उल्लेख पुनःपुन्हा येतात. सामान्य घरांत शिकेकाई, रिठा, हळद, डाळीचे पीठ आणि दिवाळीला उटणे एवढा संभार असे. दातांना राखुंडी किंवा बाभळीची काडी. म्हणजे अंगाचे लाड ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे, आणि सुगंधाची आवड पाश्चात्यांकडून आपल्याकडे आलेली नाही.

या ठिकाणी एका सोप्या समजुतीपासून सावध राहावे लागते. जुने ते निसर्गाचे, म्हणून निरुपद्रवी, असे आजकाल प्रसाधनांच्या वेष्टनांवरच छापलेले असते. रिठ्याला फेस येतो तो त्यातल्या सॅपोनिनमुळे. हीच सॅपोनिने माशांच्या कल्ल्यांना घातक असतात. जगात अनेक ठिकाणी डोंगरातले लोक सॅपोनिन असलेली फळे आणि साली कुटून ओढ्याच्या डोहात टाकत आणि गुंगलेले मासे हाताने धरत. रिठ्याने न्हालेल्या माणसाचे पाणी डोहात गेले असते तर माशाला ते मानवले नसते. ते डोहात न जाता मातीत गेले, आणि थोडेसेच गेले, म्हणून निभावले. पदार्थ निष्पाप नव्हता. त्याला मिळालेली वाट बरी होती. आमच्या पुढच्या विवेचनाचा सगळा भार या एका भेदावर आहे.

सोवळे आणि विटाळ

न्हाणीविषयी लिहिताना हळवे होण्याची मुभा दुसऱ्याही एका कारणाने आपल्याला नाही. त्या न्हाणीत पाणी कोण भरत होते, हे विचारावे लागते. आणि कोणाला पाणीच भरू दिले जात नव्हते, हेही. बेलपाडा ज्या जिल्ह्यात येतो, त्याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या हजारो सहकाऱ्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्यानंतर ते तळे 'शुद्ध' करण्याचा विधी झाला. गुरे ज्या तळ्यावर पाणी पीत होती, ते माणसांच्या स्पर्शाने बाटले असे मानणाऱ्या समाजाला 'घाण' या शब्दाचा अर्थ कळला होता असे म्हणता येणार नाही.

'प्रदूषण' हा शब्द आपल्या वापरात अलीकडे रुळला. त्याच्या आधी त्या जागी मराठीत 'विटाळ' होता. दोन्ही शब्द अशुद्धीचे आहेत, पण त्यांची दिशा उलटी आहे. विटाळ बाहेरून आत येतो. मला तो लागू नये म्हणून मी सावध राहतो आणि लागलाच तर न्हाऊन मोकळा होतो. प्रदूषण आतून बाहेर जाते. ते माझ्यापासून निघते आणि दुसऱ्याला लागते. विटाळाचा सगळा हिशेब आपल्या अंगापुरता असतो. न्हाऊन मोकळे झालेल्या माणसाला विटाळ घेऊन गेलेल्या पाण्याचे काय झाले, हा प्रश्न पडत नाही. आणि न्हाण्याशी विटाळाचे नाते किती जवळचे, हे मुलीला 'न्हाण येणे' या शब्दप्रयोगातूनही दिसते.

या वृत्तीचे मराठीतले सर्वांत जिवंत चित्र लक्ष्मीबाई टिळकांनी काढले आहे. १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या 'स्मृतिचित्रे'च्या आरंभीच त्यांच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड येते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, या हट्टापायी सगळे घर कसे भिजून आणि शिणून जात होते, ते वाचताना हसू येते आणि लगेच जीव गुदमरतो. आम्हाला त्या प्रकरणात आणखीही एक गोष्ट दिसते. त्या धुण्याला शेवट नाही. शुद्धी ज्याची त्यालाच राखायची असते आणि जग सदैव अशुद्धच असते. मग पाणी कितीही सांडले तरी ते पुरत नाही. पुढे जंतूंचे भय दाखवून विकल्या गेलेल्या साबणांना हे मन आयते तयार मिळाले, असे आम्हाला वाटते.

या परंपरेला छेद देणारे लोकही आपल्याकडे होते. अंग धुऊन मन तसेच ठेवणाऱ्या स्नानशीलांची संतांनी टर उडवली. गाडगेबाबा तर हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. अंगाच्या स्वच्छतेपेक्षा गावाची स्वच्छता आधी मानणारा हा क्रम मराठी मनाने वंदनीय मानला, पण फारसा अंगीकारला नाही.

मोरी

मोरी हा शहराचा शब्द आहे. मुंबईच्या चाळीतल्या एका खोलीच्या कोपऱ्यात, वीतभर उंचीच्या कठड्यामागे, चुलीपासून हाताच्या अंतरावर ती असते. तिच्यात भांडी घासतात, कपडे धुतात आणि पडदा ओढून आंघोळही करतात. न्हाणीला पाट होता. मोरीला भोक असते. भोकातून पाणी नळीत, नळीतून गटारात आणि गटारातून समुद्राकडे. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मुंबईत खेळू लागले. पाणी आणण्याची सोय आधी झाली आणि वाहून नेण्याची बरीच नंतर, हा मुंबईचा क्रम पुढे आपल्या बहुतेक शहरांनी गिरवला. मुंबईने अखेरीस भुयारी नळ घातले आणि मैलापाणी वरळीच्या समुद्रात सोडले. समुद्र मोठा आहे, या एका वाक्यावर ती सारी व्यवस्था उभी होती.

१८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग आला आणि स्वच्छता हा सरकारी हुकमाचा विषय झाला. त्याच सुमाराला, १८९५ मध्ये, लाइफबॉय हा कार्बोलिक साबण हिंदुस्थानात विकायला आला होता. 'साबण' या शब्दाचे मूळ अरबी-फारसी 'साबून'कडे जाते. म्हणजे वस्तू ओळखीची होती, पण रोजची नव्हती. ती रोजची व्हायला एक अडचण होती. साबणात जनावराची चरबी असे आणि सोवळ्याच्या घरात ती चालणे शक्य नव्हते. आर्देशीर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला आणि ही अडचण दूर झाली. स्वदेशीच्या वाऱ्याचाही त्याला आधार मिळाला. १९३४ मध्ये लिव्हर कंपनीचा साबणाचा कारखाना मुंबईत शिवडीला सुरू झाला. साबणात काय असावे, याविषयीचा हा वाद आपल्याकडे बराच चालला. साबण कुठे जातो, हा वाद झालाच नाही. विटाळाच्या भाषेत तो होणे शक्यही नव्हते.

सुदैवाने तेव्हाचा साबण सालस होता. तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून बनलेला तो मेदाम्लांचा क्षार. पाण्यातले जिवाणू त्याचा काही दिवसांत फडशा पाडतात. मोरीच्या काळातली घाण ही मुख्यतः माणसांच्या दाटीची घाण होती. ती डोळ्यांना दिसे, नाकाला जाणवे आणि रोगराईच्या रूपाने लवकरच दाराशी परत येई. तिच्यावरचे उपाय म्हणूनच सापडले.

याच काळात एका शब्दाचा प्रवासही झाला, तो विसरता येत नाही. पाय 'चेपणे' हा आपला शब्द. हिंदुस्तानीत 'चांपना', त्याचे आज्ञार्थी रूप 'चांपो'. पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी १८१४ च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रायटनला स्नानगृह काढले आणि तिथे ते लोकांना 'शाम्पू' करत, म्हणजे त्यांचे अंग चेपून देत. पुढे इंग्रजीत तो शब्द अंगावरून डोक्यावर गेला, डोके चोळण्यावरून डोक्याला चोळण्याच्या द्रवावर गेला आणि बाटलीत बंद होऊन परत आला. जाताना ती हाताची क्रिया होती. येताना ती वस्तू झाली होती. क्रिया संपली की मागे काही उरत नाही. वस्तू उरते.

बाथरूम

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर वसवायचे ठरले. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वात आले. राज्याने आदल्या वर्षीच जलप्रदूषणाविरुद्धचा स्वतःचा कायदा केला होता, केंद्राचा कायदा १९७४ मध्ये आला. शहर आणि त्याचा पहारेकरी एकाच वर्षी जन्मले, असे म्हणायला हरकत नाही. जमिनींचा प्रश्न मात्र सुखाने सुटला नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासईच्या परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. पुढे विकसित भूखंडाची साडेबारा टक्क्यांची योजना आली. भातशेती, मिठागरे आणि खाजण जाऊन त्यांच्या जागी सेक्टर आले. गावे गावठाणांपुरती उरली.

सेक्टरमधल्या सदनिकेत न्हाणी नाही आणि मोरीही नाही, बाथरूम आहे. तिच्यात पाणी दुरून येते. खारघरसारख्या वसाहतींना ते पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणातून मिळते. ज्या डोंगराखाली आपण राहतो, त्या डोंगराचा पाऊस वेगळ्याच वाटेने खाडीला जातो. वापरलेले पाणी भिंतीतल्या नळीतून खाली उतरते, प्रक्रिया केंद्रात जाते आणि मग खाडीत. न्हाणीत केळ दिसत होती, मोरीत निदान गटार दिसत होते. बाथरूममध्ये काहीच दिसत नाही. गावठाणांत 'गरजेपोटी' उभ्या राहिलेल्या घरांतही आता बाथरूमच असते. फक्त तिच्यामागे वसाहतीच्या दर्जाची मलवाहिनी असेलच असे नाही, आणि तो नवी मुंबईतल्या गावांच्या तक्रारींचा जुना विषय आहे.

दरम्यान बाटलीतला माल बदलला. साबणाच्या जागी खनिज तेलापासून बनवलेले फेसकारी पदार्थ आले. १९८० च्या दशकात तमिळनाडूत कडलूरच्या बाजूला शाम्पूची पुडी निघाली आणि पुढच्या काही वर्षांत ती देशभरच्या टपऱ्यांवर तोरणासारखी लटकू लागली. शाम्पू रुपयाच्या आत आला. ज्यांना बाटली कधीच परवडली नसती त्यांचेही केस मऊ झाले. या समतेला नावे ठेवण्याचा अधिकार बाटली घेणाऱ्यांना नाही. पण पुडीचे प्लास्टिक गटारात राहिले आणि आतला ऐवज पाण्यात गेला. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी गुटखा, तंबाखू आणि पानमसाला यांच्या प्लास्टिक पुड्यांना मनाई केली. शाम्पूच्या पुडीला नाही.

बाटलीतल्या ऐवजाविषयी आम्ही तीनच उदाहरणे देतो.

पहिले कस्तुरीचे. साहित्याच्या विद्यार्थ्याला कस्तुरीची ओळख करून द्यायला नको. स्वतःच्याच नाभीतला गंध रानोमाळ शोधत फिरणारा मृग हे भारतीय भक्तिकाव्यातले एक लाडके रूपक आहे. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर हा जर्मन रसायनज्ञ स्फोटकांवर काम करत होता. टीएनटीच्या जवळचा एक पदार्थ त्याने बनवला, आणि त्याला कस्तुरीचा वास आला. तिथून कृत्रिम कस्तुरीचा वंश सुरू झाला. मृगाचा जीव वाचला हे खरे. आपल्याकडे तर १९७२ च्या कायद्याने कस्तुरीमृगाच्या शिकारीला बंदीच झाली. पण स्वस्त झालेली कस्तुरी साबण, शाम्पू, पावडर अशी सगळीकडे शिरली. १९८१ मध्ये जपानी संशोधकांनी तोक्योजवळच्या तामा नदीतल्या माशांच्या शरीरात कस्तुरी-झायलीन हा पदार्थ सापडल्याचे जाहीर केले. तो चरबीत साठतो आणि सहजी विघटित होत नाही. युरोपीय संघात त्याचा वापर २०१४ पासून परवान्याशिवाय करता येत नाही. कवींचा मृग कस्तुरी शोधत रानात फिरत होता. नदीतल्या माशाला ती न शोधता मिळाली.

दुसरे ट्रायक्लोसानचे. जंतू मारणारे हे रसायन १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले, आधी रुग्णालयांत गेले आणि मग हात धुण्याच्या साबणांत व टूथपेस्टींत आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटक घरगुती जंतुनाशक साबणांतून काढायला सांगितले. साध्या साबणापेक्षा ते अधिक उपयोगी असल्याचे उत्पादकांना दाखवता आले नव्हते. आपल्याकडे त्याआधीच, २०११ मध्ये, कावेरी, वेल्लार आणि ताम्रपर्णी या दक्षिणेतल्या नद्यांच्या पाण्यात ट्रायक्लोसान आणि प्रसाधने टिकवणारी पॅराबेन द्रव्ये सापडल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. जंतूंचे भय विकणारी वस्तू अखेर नदीतल्या शेवाळाला आणि जिवाणूंना भारी पडते, यात एक क्रूर विनोद आहे. पाणी शुद्ध राखणारी फौज हीच.

तिसरे प्लास्टिकच्या मण्यांचे. चेहरा घासून उजळवणाऱ्या मलमांत वाळूच्या कणाएवढे प्लास्टिकचे मणी घालत. ज्यांचा जन्मच गटारात जाण्यासाठी होता अशी वस्तू मानवाने मुद्दाम बनवल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला सुचत नाही. अमेरिकेने २०१५ च्या अखेरीस त्यांच्यावर बंदीचा कायदा केला. भारतीय मानक ब्यूरोने २०१७ मध्ये ते प्रसाधनांसाठी अयोग्य ठरवले आणि २०२० पासून ते लागू केले. पूर्वी याच कामासाठी आपल्याकडे जाडसर डाळीचे पीठ होते, ही आठवण कोणाला ठेवावीशी वाटली नाही.

या सगळ्याला एक नाव मिळायलाही विसावे शतक संपावे लागले. क्रिस्टियन डॉटन आणि थॉमस टेर्नेस यांनी १९९९ मध्ये औषधे आणि वैयक्तिक प्रसाधने यांचा पर्यावरणातला एकत्रित विचार मांडणारा निबंध लिहिला. हे बदल नाट्यमय नसतात, सूक्ष्म असतात आणि म्हणून लक्षात येत नाहीत, हा त्याचा रोख होता. कारखान्याच्या विषाने मासे उताणे पडतात. प्रसाधनांच्या अंशाने तसे होत नाही. ती थेंबाथेंबाने, पण रोज, न चुकता येतात. टिकाऊ नसलेला पदार्थही अशा अखंड रतिबामुळे पाण्यात कायमचा वस्तीला असल्यासारखा वागतो.

मग प्रक्रिया केंद्र कशासाठी, असा प्रश्न येतो. केंद्र आपले काम करते. ते काम वेगळे आहे. मैलापाण्यातले सेंद्रिय द्रव्य कमी करणे हे त्याचे उद्दिष्ट. साबणाचा फेस आणि बराचसा मल तिथे नाहीसा होतो. कस्तुरी-द्रव्ये आणि ट्रायक्लोसान यांचा मोठा भाग मात्र गाळाला चिकटून बसतो आणि उरलेला पाण्याबरोबर पुढे जातो. गाळ शेतात गेला तर तेही शेतात. बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी आम्लता, जैविक प्राणवायूची मागणी, तरंगते कण आणि मलजन्य जिवाणू अशा मोजक्या निकषांवर होते. त्या यादीत कस्तुरी नाही. कागदावर पाणी उत्तीर्ण होते, कारण हा विषय परीक्षेलाच नव्हता.

निळे कुत्रे आणि दिसणारी घाण

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाचे कुत्रे फिरताना दिसले. त्यांची छायाचित्रे जगभर गेली. धुलाईच्या मालात वापरल्या जाणाऱ्या निळ्या रंगाशी त्याचा संबंध असल्याचे वृत्तपत्रांनी लिहिले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने संबंधित कारखाना बंद करण्याचे आदेश दिले. तळोज्याजवळची कासार्डी नदी त्याआधीपासूनच बदनाम होती. तिच्या प्रदूषणाचे प्रकरण २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे आले.

निळे कुत्रे ही जवळजवळ पंचतंत्रातली गोष्ट आहे. निळीच्या पिंपात पडलेल्या कोल्ह्याची कथा ज्याने ऐकली आहे, त्याला रंग लागणे आणि रंग उघडा पडणे यांचे नाते माहीत असते. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने ही घटना एका वेगळ्याच कारणाने महत्त्वाची आहे. घाण दिसली, म्हणून ती प्रकरण झाली. तिला पत्ता होता, मालक होता, दार होते आणि त्या दाराला कुलूप लावता आले. बेलपाड्यापासून पेंधरपर्यंतच्या बाथरूमांना असे एक दार नाही. तिथून निघणाऱ्या पाण्याला रंग नसतो. असलाच तर सुगंध असतो. कारखान्याला जाब विचारणे आवश्यकच आहे आणि त्यात कसूर होता कामा नये. मात्र कारखान्यात बनलेली वस्तू पुडीतून आपल्या डोक्यावर आणि डोक्यावरून खाडीत जाते, तेव्हा कारखान्याच्या शेवटच्या नळीचे काम आपण करत असतो. त्या नळीला अजून कोणी क्रमांक दिलेला नाही.

खाडी

मुंबईची व्यवस्था समुद्र मोठा आहे या वाक्यावर उभी होती, असे वर म्हटले. पनवेलच्या खाडीला तेही वाक्य लागू पडत नाही. खाडी म्हणजे नदी नव्हे. नदी नेते, खाडी नेते आणि परत आणते. दिवसातून दोनदा ओहोटीबरोबर गेलेले पाणी दोनदा भरतीबरोबर मागे येते, आणि पाण्यातले कण तिवरांच्या मुळांशी, चिखलात बसतात. त्याच चिखलात निवटी उड्या मारते, चिंबोरी बीळ करते, कोळंबी चरते. रायगडात पाहुण्याच्या पानात मानाने पडणारा जिताडा याच खाऱ्या-गोड्या पाण्याचा. आगरी आणि कोळी घरांनी खाडीशी कधी 'सांडण्याचे' नाते ठेवले नव्हते. बांध घालून तिला अडवले, उघाडीतून आत घेतले, तिच्यातून मीठ, भात आणि मासे काढले. ती त्यांची मागची बाजू नव्हती, दर्शनी बाजू होती. आज शहराने तिला मागच्या दारी ढकलले आहे, आणि मागच्या दाराशी अजूनही तीच माणसे जाळे टाकून आहेत. पाणी सांडणारा एक आणि ते पाणी ताटात येणारा दुसरा, अशी ही वाटणी आहे. जमिनीच्या वाटणीचा झगडा १९८४ मध्ये रस्त्यावर आला. पाण्याच्या या वाटणीला अजून तोंड फुटलेले नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी यात काय करायचे, असे कोणी विचारील. आमच्या मते बरेच काही. प्रसाधनाच्या वेष्टनावरची घटकांची यादी हा आपल्या काळातला सर्वांत जास्त घरांत शिरलेला आणि सर्वांत कमी वाचलेला मजकूर आहे. पुढच्या बाजूला मोठ्या देवनागरीत केशर, चंदन, कडुलिंब. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या रोमन अक्षरांत खरी हकीकत. त्यातही 'सुगंध' या अर्थाचा एकच शब्द असतो आणि त्या एका शब्दाखाली डझनावारी द्रव्ये निनावी बसलेली असतात. पाठ्य आणि उपपाठ्य यांतले अंतर शिकवायला याहून चांगला उतारा कोणता? शब्द काय सांगतो आणि काय झाकतो हे पाहणे हाच आपला व्यवसाय असेल, तर तो न्हाणीघराच्या दाराशी थांबवण्याचे कारण नाही.

दुसरे काम इतिहासाचे आहे. आपल्या आत्मचरित्रांत, कोकणच्या कादंबऱ्यांत, ओव्यांत आणि लीळांत न्हाण्याची वर्णने विखुरलेली आहेत. ती आजवर आपण रीतिभाती म्हणून वाचली. तीच पुन्हा, पाणी कुठून आले, कोणी आणले, अंगाला काय लागले आणि पाणी कुठे गेले, एवढे चार प्रश्न विचारून वाचली, तर स्वच्छतेचा एक निराळा इतिहास हाती येईल असा आमचा विश्वास आहे. पहिल्या तीन प्रश्नांना आपल्या वाङ्मयात उत्तरे सापडतात. चौथ्याला बहुधा सापडणार नाहीत. आणि ती का सापडत नाहीत, हेच त्या इतिहासाचे पहिले प्रकरण असेल.